एक नग की ६५,५३६?

सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत एकाच शेडमध्ये तीन पिढ्या नांदताना दिसतात. जुन्या मशीनचा पीएलसी, शेजारी धूळ खात चालणारा विंडोजचा संगणक आणि ऑफिसात लिनक्सवरचा सर्व्हर. एकाचा प्रोग्रॅम लॅडर लॉजिकमध्ये, दुसऱ्याचा सी++मध्ये, तिसऱ्याचा पायथनमध्ये. मालकाला मात्र एवढंच हवं असतं: आज किती नग निघाले?

हा आकडा मशीनपासून ऑफिसपर्यंत कसा न्यायचा, हाच या अंकाचा विषय. १९७९ सालचा मॉडबस हा प्रोटोकॉल आजही या कामाला जुंपलेला आहे. त्याचं एक रजिस्टर १६ बिटांचं. ३२ बिटांची संख्या दोन रजिस्टरांत विभागावी लागते. त्यांतलं आधी कोणतं, हे मॉडबसने ठरवूनच दिलेलं नाही. क्रम उलटा वाचला, की मशीनवर निघतो एक नग आणि पडद्यावर झळकतात ६५,५३६. तार शाबूत, संदेश पोहोचलेला, एररचा पत्ता नाही!

१९९६मध्ये याच कामासाठी ओपीसी हे मानक आलं, पण ते मायक्रोसॉफ्टच्या कॉम-डीकॉमवर उभं. विंडोज नसेल तर दार बंद. पुढे ओपीसी यूएने ती अट काढली आणि संख्येसोबत तिचा प्रकारही पाठवायची सोय केली.

म्हणूनच मशीनच्या कोटेशनमधल्या ‘कनेक्टिव्हिटी उपलब्ध’ या दोन शब्दांवर आमचा तरी विश्वास नाही. प्रोटोकॉल कोणता, रजिस्टरं कोणती, क्रम कुठला, हे ऑर्डरवरच लिहून घ्यावं. रजिस्टरांची यादी मागितली की विक्रेता ‘नंतर मेल करतो’ म्हणतो. ती हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता सोडू नये.