तोक्योची पहाट, कोल्हापूरची तालीम

ठाकुर्ली-डोंबिवलीतून जपानला जाणारी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. तोक्योत सुमो मल्लांचा पहाटेचा सराव पाहणे हा अनेकांच्या प्रवासातील आवर्जून ठेवलेला कार्यक्रम असतो. पाहुण्याने मातीच्या आखाड्याकडे तळपाय करायचे नाहीत, बोलायचे नाही. निमूट बसून पाहायचे. कनिष्ठ मल्ल उपाशीपोटी सरावास उतरतात आणि नंतर ज्येष्ठांसाठी स्वयंपाकही करतात. पाहणारा भारावून परततो.

आपल्याकडे हे नाही काय? कोल्हापूरच्या गंगावेश, मोतीबाग तालमींत भल्या पहाटे जोर-बैठका सुरू होतात. ताक, हळद, तेल घालून मळलेली तांबडी माती, मारुतीरायाला नमस्कार आणि वस्तादांचा धाक! राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारले. याच नगरीत शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले.

जपानचे सारेच अनुकरणीय नव्हे. २००७ मध्ये तेथे सतरा वर्षांच्या शिकाऊ मल्लाचा मारहाणीत मृत्यू झाला आणि त्याच्या गुरूला तुरुंगवास भोगावा लागला. शिस्त आणि क्रौर्य यांतील सीमारेषा प्रत्येक आखाड्याने जपलीच पाहिजे.

घ्यायचा तो धडा प्रेक्षकाने. कल्याणहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने अंबाबाईच्या दर्शनाला जाणारी किती कुटुंबे तालमीच्या दारी थबकतात? मैदानात टाळ्या वाजवणारे हजारो असतात. पहाटेचा घाम पाहणारे विरळा. पुढल्या खेपेस वस्तादांची अनुमती घेऊन मुलांना तासभर तेथे शांत बसवावे. तोक्योपर्यंत जाण्याआधी एवढे तरी पाहणे आपल्या हाती आहे.