टोकाची गोष्ट

"वायर जरा अशी धर, म्हणजे चालेल!" इस्त्रीसमोर उभे राहून हे वाक्य कधीच कुणी उच्चारले नाही, असे घर शोधून सापडणार नाही. आमचे घरही त्याला अपवाद नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि गणवेशांना रोज सकाळी इस्त्री करायचा रतीब सुरू झाला. नेमकी त्याच वेळी आमची इस्त्री रुसू लागली. मागची वायर थोडी उचलून धरली की तिचा लाल दिवा लागायचा, सोडली की विझायचा. सासूबाईंनी त्यावरही तोडगा काढला. वायर खुर्चीच्या पाठीवरून घ्यायची आणि तिला चिमटा लावायचा. पंधरा दिवस काम बिनबोभाट चालले.

मग एका सकाळी सासूबाईंनी एकदम हात झटकला. बोटाची कड इस्त्रीच्या पत्र्याला लागली होती. मी चटक्यावरचे मलम शोधू लागले, तर त्या म्हणाल्या, "चटका नाही गं, झिणझिण्या आल्या. पार कोपरापर्यंत." पायात रबरी चपला होत्या म्हणून थोडक्यात निभावले. त्याच ओल्या बाथरूममधून नुकत्याच बाहेर आल्या असत्या आणि अनवाणी असत्या तर? तो विचार आजही नकोसा वाटतो.

संध्याकाळी आमच्या कॉलनीतले वायरमनकाका आले. प्लग काढून त्यांनी इस्त्रीचे मागचे झाकण उघडले आणि मला जवळ बोलावले. "ताई, बघा. इस्त्री चांगली आहे. वायरही चांगली आहे. बिघडलंय ते फक्त टोक."

दोन महिन्यांपूर्वी एका दुकानात वायर बदलून घेतली होती. दुकानदाराने तिची टोके सोलली, तारा बोटांनी पिळल्या, स्क्रूभोवती गुंडाळल्या आणि स्क्रू आवळला. पाच मिनिटांचे काम. आता त्यातल्या कित्येक बारीक तारा तुटल्या होत्या, उरलेल्या काळ्या पडल्या होत्या. एक सुटी तार इस्त्रीच्या पत्र्याला टेकली होती. आणि हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची, मुळापासून निखळून लोंबत होती.

ही हिरवी वायर मोठी फसवी. बाकीच्या दोघींपैकी एक तुटली तर इस्त्री बंद पडते आणि आपल्याला कळते. हिरवी तुटली तर काहीच बिघडत नाही. इस्त्री तापते, दिवा लागतो, कपडे होतात. फक्त तिचे रक्षण गेलेले असते. पत्र्यात वीज उतरली तर ती अर्थिंगमधून जमिनीत जावी, प्रवाह एकदम वाढावा आणि फ्यूज किंवा एमसीबी पडावा, ही तिची कामगिरी. ती जागेवर नसेल, तर विजेला जमिनीकडे जायला एकच वाट उरते, ती म्हणजे आपले शरीर.

काकांनी आपल्या डब्यातून हरभऱ्याएवढ्या तीन वस्तू काढल्या. एका बाजूला गोल कडे, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या चार पाकळ्या. बाजारात यांना 'लग' म्हणतात. असे लग आपल्या घरातल्या मिक्सरमध्ये, गीझरमध्ये, वॉशिंग मशीनमध्ये, दारातल्या स्कूटरमध्ये डझनावारी असतात. पण झाकणाआड असल्याने आपली त्यांची ओळख होत नाही. आज ती करून घेऊ.

मुळात टोकाला एवढे महत्त्व का? आपल्या घरातली हलती वायर एकाच जाड तारेची नसते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत बहुधा ०.२ मिलिमीटर जाडीच्या २४ तारा असतात. बारीक तारांची जुडी लवचीक असते, म्हणून वायर हवी तशी वळते. पण हीच जुडी स्क्रूखाली दाबली की काही तारा बाजूला सरकतात, काही कापल्या जातात, आणि सगळा भार उरलेल्यांवर येतो. सांधा सैल होतो आणि तिथला विजेचा रोध वाढतो.

रोध वाढला की काय होते, ते आकड्यांत पाहू. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह घेते. सांध्यात अर्धा ओहम जरी रोध निर्माण झाला, तरी तिथे नऊ वॅटहून अधिक उष्णता तयार होते. २००० वॅटच्या गीझरला प्रवाह दुप्पट लागतो, पण सांध्यातली उष्णता चौपट होते. ती ३८ वॅटच्या घरात जाते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंगचे यंत्र २५ वॅटचे असते आणि ते धातू वितळवते, हे लक्षात घेतले म्हणजे मसुराएवढ्या जागेत ३८ वॅट म्हणजे काय ते समजेल. उष्णतेने तांबे काळे पडते, काळे पडले की रोध आणखी वाढतो, आणि रोध वाढला की उष्णता. हे चक्र प्लगचे प्लॅस्टिक पिवळे, मग तपकिरी करत करत एखाद्या दिवशी पेट घेते.

इथे एमसीबी काही करत नाही का? नाही. एमसीबी प्रवाह वाढला की पडतो. सैल सांध्यात प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. म्हणजे पहारेकरी जागा असतो, पण चोर त्याच्या समोरून येतच नाही.

आता त्या चार पाकळ्यांकडे वळू. त्यांच्या दोन जोड्या असतात आणि दोन्हींची कामे वेगळी. पुढची जोडी सोललेल्या तांब्याला धरते. मागची जोडी वायरीच्या वरच्या आवरणाला धरते. पहिली पकड विजेसाठी, दुसरी वायरीच्या आधारासाठी. लग बनवणाऱ्याची सारी कल्पकता या वाटणीत आहे.

पहिली पकड साध्या पकडीने होत नाही. त्यासाठी वेगळे क्रिंपिंगचे हत्यार लागते. पाकळ्या आत वळतात आणि तारांच्या जुडीत शिरतात. दाब इतका असतो की गोल तारा एकमेकींवर चेपून, मधल्या फटी नाहीशा होतात. असा सांधा मधोमध कापून भिंगाखाली पाहिला तर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. तारांवरचा गंजाचा पापुद्रा दाबाने फुटतो, शुद्ध धातू धातूला भिडतो आणि आत हवेला शिरायला जागा राहत नाही. दाब कमी पडला तर फटी राहतात, जास्त झाला तर तारा कापल्या जातात. म्हणून चांगले हत्यार पूर्ण दाब बसेपर्यंत उघडतच नाही.

याच पकडीच्या मागच्या तोंडाला एक छोटीशी खुबी असते. तिथली कड कर्ण्याच्या तोंडासारखी किंचित फुललेली ठेवतात. कड सरळ आणि धारदार राहिली तर ती सुरीसारखी तारांवर बसेल. एवढ्याशा फुगवट्याने तारांचे आयुष्य वाढते.

दुसऱ्या पकडीचे महत्त्व कळायला एक घरगुती अनुभव पुरे. लोखंडी तार हाताने तोडायची असेल तर आपण काय करतो? एकाच जागी पुढेमागे वाकवत राहतो. विहिरीचा दोरही मधे कुठे झिजत नाही, कळशीच्या गळ्याशी, गाठीजवळच तुटतो. जिथे कडक वस्तू संपते आणि लवचीक सुरू होते, तिथे सगळा वाक एकवटतो. नुसते तांबे दाबले, तर ती जागा नेमकी उघड्या, केसाएवढ्या तारांवर येते. मागच्या पाकळ्यांनी आवरण धरले की तारांवरचा ताण सुटतो आणि वाक पुढे, आवरणासकट असलेल्या धडधाकट वायरीवर जातो. तारांना सोल्डर लावून कडक केले तरी हाच धोका राहतो. सोल्डर तारांमधून आवरणाखाली झिरपते, आणि ते जिथे संपते तिथे तार तुटते.

"म्हणजे दोन्ही पाकळ्या दाबल्या की झालं?" मी विचारले. काका हसले. "ताई, भाकरी थापली म्हणजे झाली का? ती जागेवर पडायला हवी." वायर लगमध्ये कुठवर शिरली, यावर सगळे अवलंबून असते. आवरण कमी सोलले तर ते पुढच्या पाकळ्यांत शिरते. पकड घट्ट वाटते, पण धरलेले असते प्लॅस्टिक. जास्त सोलले तर मागच्या पाकळ्या उघड्या तारा धरतात आणि आधार जातो. म्हणून दोन पकडींच्या मधे एक छोटी खिडकी ठेवलेली असते. त्या खिडकीत थोडे आवरण आणि थोडे तांबे, दोन्ही दिसले पाहिजे. शिवाय पुढच्या पकडीबाहेर तारांची टोके ब्रशासारखी जराशी डोकावली पाहिजेत. जास्त डोकावली तर ती स्क्रूच्या आड येतात. एका नजरेत परीक्षा पुरी!

लगचे कडेही विचारपूर्वक निवडायचे असते. पूर्ण गोल कडे स्क्रू थोडा ढिला झाला तरी निसटत नाही. दोन शिंगांचे कडे बसवायला सोपे, पण तसेच सुटायलाही. जागा अरुंद असेल तर वायर पिरगळून कोंबण्याऐवजी काटकोनातला लग घेतात, म्हणजे वायर सरळ बाहेर पडते. मापही जुळावे लागते. प्लॅस्टिकची टोपी असलेल्या लगांत लाल टोपी साधारण दीड चौरस मिलिमीटरपर्यंतच्या वायरीला, निळी अडीचपर्यंत आणि पिवळी चार ते सहाला, असा रंगांचा संकेत असतो. मोठ्या लगमध्ये बारीक वायर दुहेरी दुमडून बसवणे हा जुगाड झाला.

ही विद्या काही फार जुनी नाही. अमेरिकेत १९४१ मध्ये यू. ए. व्हिटेकर यांनी एक कंपनी काढली. विमानांच्या आणि जहाजांच्या वायरींना सोल्डरशिवाय, नुसत्या दाबाने टोके बसवणे हा तिचा धंदा. महायुद्धाचे दिवस होते. हजारो सांधे भराभर हवे होते आणि विमानाच्या थरथरीत ते टिकायलाही हवे होते. पुढे 'एएमपी' या नावाने ती कंपनी जगभर गेली.

सांध्याकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचा धडाही अमेरिकेनेच घेतला. तांबे महागले म्हणून १९६५ नंतरच्या काही वर्षांत तिथल्या असंख्य घरांत अॅल्युमिनिअमच्या तारा घातल्या गेल्या. पण अॅल्युमिनिअम स्क्रूखाली हळूहळू दबत, सरकत जाते आणि त्यावर लगेच रोधक पापुद्रा धरतो. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने पाहणी करवली, तेव्हा १९७२ पूर्वीच्या अॅल्युमिनिअम तारांच्या घरांत एखादा तरी सांधा आगीच्या धोक्यापर्यंत तापण्याची शक्यता तांब्याच्या तारांच्या घरांपेक्षा ५५ पट आढळली. आणि आयोगाने मान्य केलेल्या उपायांपैकी एक कोणता? विशेष हत्याराने दाबून बसवलेले तांब्याचे टोक!

वाचकहो, आपण स्वतः झाकणे उघडावीत असे मी मुळीच सुचवत नाही. ते काम जाणत्या वायरमनचेच. पण बाहेरून चार गोष्टी पाहणे आपल्या हातात आहे. गीझर किंवा इस्त्री बंद करून प्लग काढला आणि तो हाताला चटका देण्याइतका तापलेला लागला, तर आतला सांधा सैल आहे असे समजा. प्लगवर पिवळा-तपकिरी डाग, जळका वास किंवा चरचर आवाज आला तर 'उद्या बघू' म्हणू नका. वायर ओढून प्लग काढू नका. वायर थेट सॉकेटमध्ये घालून आगकाडी खोचणे तर कायमचे बंद करा. दुरुस्तीला वस्तू द्याल तेव्हा दोन वाक्ये आवर्जून सांगा: "लग लावून द्या आणि हिरवी वायर तपासून द्या." घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर ती बसवून घ्या. विजेची गळती ओळखून पुरवठा तोडते ती हीच.

काकांनी आमच्या इस्त्रीची तिन्ही टोके नव्याने बांधली. हिरवी वायर त्यांनी मुद्दाम बाकीच्या दोघींपेक्षा थोडी लांब ठेवली. मी कारण विचारले. "कधी वायर हिसकली, तर आधी त्या दोघी तुटाव्यात. ही सगळ्यात शेवटी." मग वायरीच्या मानेवरची पट्टी त्यांनी घट्ट बसवली, दोनदा ओढून पाहिली आणि मीटर लावून प्लगच्या मोठ्या पिनेपासून पत्र्यापर्यंत हिरवी वाट सलग असल्याची खात्री केली. लगांचे पैसे विचारले तर म्हणाले, "चहा ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी सवयीने वायर खुर्चीवर टाकली, चिमटा हातात घेतला आणि थांबल्या. मग चिमटा त्यांनी कपड्यांच्या दोरीवर नेऊन लावला.