धूर येतो तो दारातून

आग लागलेल्या इमारतीतून रुग्णालयात आणलेल्या अनेकांच्या अंगावर भाजल्याची एकही खूण नसते. कपडे शाबूत, केस शाबूत. फक्त नाकपुड्यांत काजळी, आवाज बसलेला आणि माणूस गुंगीत किंवा बेशुद्ध. नातेवाइकांना प्रश्न पडतो, याला झाले तरी काय? झालेले असते ते धुराने. इमारतींच्या आगीत ज्वाळांपेक्षा धुरानेच अधिक माणसे दगावतात. झोपलेल्या माणसापर्यंत हा धूर बहुतेक वेळा दारातून पोहोचतो. त्यामुळे घराचे दार हा केवळ सुताराचा किंवा बांधकाम खात्याचा विषय राहत नाही. तो आरोग्याचाही विषय आहे.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. रक्त वाहत असते, पण त्यातून मेंदूला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोके दुखते, चक्कर येते, मग विचार गोंधळतो. पळायला हवे हे कळण्याची शक्तीच आधी जाते. झोपेत तर धुराच्या वासाने जाग येईल याचाही भरवसा नसतो. फोमच्या गाद्या व सोफे जळताना सायनाइड वायूही तयार होतो, तो वेगळाच. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त त्याला ऑक्सिजनयुक्तच वाटते, आणि रुग्ण अत्यवस्थ असतानाही आकडा ९८ दिसू शकतो. उपचार म्हणजे मास्कने शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्म्यावर यायला चार ते पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर तेच काम तास-दीड तासात होते. म्हणून धुरातून बाहेर आलेला माणूस ‘बरा दिसतो’ म्हणून घरी नेऊ नये.

एका दाराने काय होते, हे न्यूयॉर्कमध्ये ९ जानेवारी २०२२ रोजी दिसले. ब्राँक्स भागातील १९ मजली भाड्याच्या इमारतीत एका घरातल्या विजेच्या हीटरने पेट घेतला. घरातली माणसे बाहेर पडली. आपोआप मिटायला हवे होते ते दार उघडेच राहिले. आग ते घर आणि बाहेरची मार्गिका यांपलीकडे फारशी गेली नाही. धूर मात्र जिन्याने वरच्या मजल्यांवर पोहोचला. १७ जण गेले, त्यांत ८ मुले होती. सगळ्यांचे कारण एकच : धूर.

दुसरी घटना आपल्या माणसांची. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला पहाटे आग लागली. सुमारे ५० जण मृत्युमुखी पडले, त्यांतले ४५ भारतीय. खोल्या पाडण्यासाठी ज्वलनशील साहित्य वापरलेले होते आणि गच्चीचे दार कुलूपबंद होते, असे तेथील अग्निशमन यंत्रणेने सांगितले. वर धावलेल्यांना वाट मिळाली नाही. पहिल्या घटनेत बंद व्हायला हवे ते दार उघडे राहिले, दुसरीत उघडायला हवे ते बंद होते.

आता पुण्यामुंबईतली परिस्थिती पाहू. एका कुटुंबासाठी बांधलेल्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दहा-बारा विद्यार्थी किंवा नोकरदार मुले-मुली ‘पीजी’ म्हणून राहतात. दिवाणखान्यात प्लायवूडचे पार्टिशन घालून दोन खोल्या होतात, बाल्कनी काचेने बंद करून तिसरी. प्रत्येक खाटेपाशी एक्स्टेंशन बोर्ड, चार्जर, कुठे इंडक्शन शेगडी. खिडक्यांना पक्की ग्रिल. मुख्य दाराबाहेर लोखंडी सेफ्टी डोअर, त्याला रात्री कुलूप, आणि किल्ली एकाच्या उशाखाली किंवा चक्क मालकाकडे. रात्री दोन वाजता चार्जर पेटला, तर आतल्या माणसांनी काय करायचे?

राष्ट्रीय इमारत संहितेत याचे उत्तर आहे. बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे, असे ती सांगते. महाराष्ट्रात २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, आणि दर जानेवारी व जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यायचे असते. पण ही तपासणी पंप, पाण्याचे नळ, जिना अशा सामाईक यंत्रणेभोवती फिरते. उंबरठ्याच्या आत एका घराची बारा खाटांची खानावळ झाली आहे, हे कागदावर येतच नाही.

इंग्लंडमध्ये जुनी घरे खोल्याखोल्यांनी भाड्याने देताना दारे अर्धा तास आग थोपवणारी असावीत, अशी साधारण अपेक्षा असते. दार भरीव, कडेला उष्णतेने फुगून फट बुजवणारी पट्टी, आणि दार आपोआप मिटवणारा क्लोजर. मात्र नियम असला की काम झाले, असे तिथेही नाही. ७२ बळी घेणाऱ्या लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधले एक दार पोलिसांनी चाचणीला पाठवले, तेव्हा ते सुमारे १५ मिनिटांतच निकामी झाले. त्यानंतर आलेल्या नियमांनुसार २०२३ पासून इंग्लंडमध्ये ११ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींत फ्लॅटची प्रवेशदारे वर्षातून एकदा आणि सामाईक दारे दर तीन महिन्यांनी तपासायची आहेत.

आपल्याकडे एकदम हे सारे होणार नाही. पण भाड्याच्या फ्लॅटसाठी तीन गोष्टी सक्तीच्या करायला काहीच हरकत नसावी. मुख्य दार आतून किल्लीशिवाय उघडावे. ते भरीव असावे आणि सोडले की आपोआप मिटावे. झोपण्याच्या प्रत्येक खोलीला नीट बसणारे दार असावे, पडदा किंवा अर्धवट पार्टिशन नव्हे. जोडीला धुराचा इशारा देणारा अलार्म हवाच.

यावर मालकांचा पहिला आक्षेप चोरीचा, आणि मुलींच्या पीजीत सुरक्षिततेचा. ही काळजी खरी आहे. पण बाहेरून किल्ली लागणारे आणि आतून नुसत्या मुठीने उघडणारे लॅच बाजारात सर्रास मिळते. सुरक्षिततेसाठी माणसांना कोंडून ठेवावे लागत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. बारा खाटांचे भाडे दर महिन्याला घेणाऱ्याला क्लोजर, लॅच आणि अलार्म जड जाऊ नयेत. तिसरा आक्षेप भाडेकरूंचा : दार सारखे मिटते म्हणून ते त्याला वीट लावून ठेवतात. इथे कायदा पुरा पडत नाही, सवयच बदलावी लागेल. त्या विटेमुळे दोन मजल्यांवरचा अनोळखी माणूस गुदमरू शकतो, हे समजले तर ती उचलली जाईल.

अंमलबजावणीसाठी नवे खाते नको. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्याच करारात खाटांची संख्या आणि दारांच्या या तीन अटी लिहून घ्याव्यात, आणि त्याची प्रत सोसायटीकडे जावी. आज भाडेकरूची सगळी माहिती मालक पोलिसांना देतो; घराची माहिती भाडेकरूला कोणी देत नाही. सोसायट्यांनीही गच्चीचे दार आणीबाणीत आतून उघडेल याची सोय करावी.

तोवर पीजीत राहणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी पुढच्या भेटीत एक छोटी चाचणी घ्यावी. दिवे मालवून, किल्ली न वापरता, खाटेपासून जिन्यापर्यंत पोहोचता येते का ते पाहावे. मुलांना एवढेही सांगून ठेवावे : आग स्वतःच्या खोलीत असेल तर बाहेर पडून दार ओढून घ्यायचे. बाहेर मार्गिकेत धूर भरलेला असेल तर दार बंद ठेवायचे, फटीला ओला टॉवेल लावायचा, खिडकीपाशी जायचे आणि १०१ला फोन करायचा. खोली पाहायला जाताना आपण पंखा पाहतो, नळाला पाणी येते का ते पाहतो, वायफाय विचारतो. दार मात्र कुणी एकदा उघडून मिटून पाहत नाही. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.