रक्त आपलं, हक्कही आपलाच

ब्राझीलच्या जंगलातल्या यानोमामी आदिवासींचं रक्त अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात काढून नेलं. बदल्यात कोयते, भांडी दिली. यानोमामी मेलेल्या माणसाचं काहीच मागे ठेवत नाहीत. इथे तर मेलेल्यांचं रक्त परदेशात बर्फात पडून होतं! मागणी लावून धरली, तेव्हा २०१५ साली २,६९३ कुप्या परत आल्या. त्यांनी त्या आपल्या मातीत पुरल्या.

साथींनो, दवाखान्यात सिकलसेलची तपासणी जरूर करा. पण संशोधनाला रक्त न्यायचं, तर कशाला नेता, कुठे ठेवणार, परत कधी देणार, हे आपल्या बोलीत ग्रामसभेत सांगा म्हणावं. ग्रामसभेचा ठराव हवा, आणि ज्याचं रक्त त्याचा होकारही. जंगल न विचारता नेलं. रक्त तसं नेऊ द्यायचं नाही.