बेल आपल्याही परसात हवा



थंड मुलखात बागेला शोभा यावी व खायला फळही मिळावे म्हणून बिहीचे झाड लावतात. काश्मीरात ते चांगले येते. त्याचे बी, म्हणजे बिहीदाणा, आपल्या ओळखीचे आहे. पण या झाडाला हिवाळ्यात कडक थंडी लागते. ती उज्जैनला पडत नाही. तेव्हा त्याच्या रोपावर पैसे न घालवता बेल लावावा, असे आमचे मत आहे.

ही सांगड जुनीच आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात बेलफळाला ‘बंगालचे मार्मेलो’ म्हटले. मार्मेलो म्हणजे बिही. पुढे १८०० साली कोर्रेया द सेर्रा या पोर्तुगीज धर्मगुरूने बेलाचे शास्त्रीय नाव निश्चित केले, त्यातही ‘मार्मेलोस’ हा शब्द कायम राहिला.

“बेल तर महाकालाचा, आपण कसा लावावा?” असा संकोच काहींना वाटतो. शेजारी ज्याची पाने भक्तिभावाने वाहतात, त्या झाडाचा मान आपणही राखावा. पण त्यासाठी त्याच्यापासून दूर राहण्याचे कारण नाही. फळ व सावली परमेश्वराने सर्वांसाठीच दिली आहे. श्रावणात कोणी पाने मागितली, तर आनंदाने द्यावीत.

बियांच्या झाडाला फळ यायला सात-आठ वर्षे लागतात; डोळा भरलेले कलम चार-पाच वर्षांत फळ देऊ लागते. ‘पंत अपर्णा’ जातीला काटे फार कमी, म्हणून घराजवळ ती बरी. पावसाळ्याच्या सुरुवातीस, ८ ते १० मीटर अंतर राखून लावावे. आपल्या काळ्या जमिनीत बुंध्याशी पाणी साचू देऊ नये. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. पुढे झाड काटक होते.

पिकलेल्या गराचे सरबत उन्हाळ्यात गारवा देते व पोट साफ करते. मात्र अति घेऊ नये. कच्च्या फळाचा मुरंबा होतो. त्याच्या वाळवलेल्या चकत्या जुलाबावर वापरण्याची जुनी रीत आहे. परंतु लेकराला जुलाब झाले, तर त्यावर विसंबू नये. आधी मीठ-साखरेचे पाणी पाजावे व दवाखाना गाठावा.

येत्या पावसात घरटी एक कलम लावावे, एवढाच आमचा आग्रह आहे.