चोवीस तासांची शर्यत आणि कंटाळा

करमणुकीसाठी जो खेळ हाती घ्यावा, त्याच खेळात आता आपली करमणूक कशी करून घ्यावी, असा प्रश्न एखाद्याला पडावा ही गोष्ट प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटते. झोपेचा शीण घालवण्यासाठी पुन्हा झोपण्यासारखेच ते! परंतु गतवर्षी चतुर्थीच्या सुटीत हा प्रश्न माझ्याच घरात उभा राहिला, आणि त्याचा विचार करता करता मला जे उमगले ते विद्यार्थी मित्रांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे ठेवावे असे वाटल्याने हा लेखनप्रपंच.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा नववीत शिकतो. त्याच्या वडिलांनी २००६ साली आखातातून परत येताना 'प्लेस्टेशन २' हे खेळाचे यंत्र आणले होते. ते अद्याप धडधाकट आहे. त्यावर 'ग्रान तुरिस्मो ४' नावाचा मोटार-शर्यतीचा खेळ आहे. जपानमध्ये तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात शेकडो मोटारी आहेत, अनेक देशांतील धावमार्ग आहेत, आणि फ्रान्समधील ल मान्स येथील सुप्रसिद्ध २४ तासांची शर्यतही आहे. ती २४ तासांची म्हणजे खरोखरच २४ तासांची. पडद्यावरील एक तास आणि भिंतीवरील घड्याळाचा एक तास यांत काडीचाही फरक नाही. शर्यत मध्ये थांबवता येते; परंतु जिथवर आलो तिथपासून पुन्हा सुरू करण्यासाठी ती जतन करून ठेवता येत नाही. यंत्र बंद झाले की सारे संपले!

माझ्या भाच्याने ती पुरी करण्याचा विडा उचलला. पहिल्या दिवशी त्याचा उत्साह ओसंडून वाहत होता. दुसऱ्या दिवशी मात्र तो जांभया देत पडद्यासमोर बसलेला पाहून मी, मास्तरणीच्या सवयीने, म्हणाले, "कंटाळा येतो तर खेळतोस कशाला? वेळ तरी फुकट का घालवतोस?" त्यावर तो आमच्या घरच्या कोंकणीत म्हणाला, "मावशे, तूंच एक फावट चलोवन पळय!" आव्हान रास्त होते. मी बसले.

ल मान्सचा मार्ग १३ किलोमीटरांहून अधिक लांबीचा आहे. भाच्याच्या मोटारीला एका फेरीस सुमारे चार मिनिटे लागत; म्हणजे २४ तासांत जवळजवळ ३६० वेळा तीच वळणे, तीच झाडे आणि तेच प्रेक्षक. प्रत्यक्ष शर्यतीत पन्नास-साठ मोटारी धावतात, रात्र पडते, पहाटेचे धुके येते, पाऊस येतो. या खेळात मात्र अवघ्या सहा मोटारी, आणि रात्र नाहीच! सारे २४ तास लख्ख दिवस. पहिली पंधरा मिनिटे मला मौज वाटली. अर्ध्या तासानंतर हात आपोआप चालू लागले आणि मन उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे गेले. चाळिसाव्या मिनिटाला मोटार कठड्यावर आदळली, तेव्हा मी कोणत्या वळणावर होते हेही मला सांगता आले नसते. चूक डोळ्यांची नव्हती, हातांचीही नव्हती. मन जागेवर नव्हते.

या कंटाळ्यावर खेळाडूंनी नाना उपाय शोधले आहेत. कुणी सोप्या गोल मार्गावर कंट्रोलरच्या दांड्याला रबर गुंडाळतो, मोटार कठड्याला घासत एकटीच फिरत राहते आणि खेळाडू जेवायला जातो. याच खेळात दुसरीही एक सोय आहे. आपण चालकाऐवजी व्यवस्थापक व्हायचे, संगणकाच्या चालकाला 'वेग वाढव', 'सावकाश जा' अशा आज्ञा द्यायच्या, आणि काळ तिप्पट वेगाने पळवायचा. म्हणजे २४ तासांचे काम आठ तासांत उरकते. व्यवस्थापकाचे काम वाईट आहे असे मी म्हणणार नाही; दुसऱ्याकडून काम करवून घेणे हीही एक विद्याच आहे. परंतु रबर बांधून मिळवलेला करंडक आणि दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेले गणित यांत मला तरी अंतर दिसत नाही. उत्तर बरोबर येते, विद्यार्थी मात्र होता तिथेच राहतो.

या रबरावर तोडगा काढणारा एक विलक्षण खेळ अमेरिकेत पेन आणि टेलर या जादूगारांच्या जोडीसाठी १९९५ च्या सुमारास तयार झाला होता. त्याचे नाव 'डेझर्ट बस'. टुसॉन शहरापासून लास व्हेगासपर्यंत एक रिकामी बस वाळवंटातून न्यायची. वेग ताशी ४५ मैलांपेक्षा अधिक नाही, प्रवास आठ तासांचा, आणि वाटेत काहीही घडत नाही. समोरच्या काचेवर एखादा किडा आपटतो, तीच काय ती घटना. बस सतत किंचित उजवीकडे ओढली जाते, त्यामुळे हात सोडता येत नाही. रस्ता सुटलाच तर बस बंद पडते आणि ती ओढून पुन्हा टुसॉनला नेण्यात येते, तीही तितकाच वेळ घेऊन. आठ तास धीर धरून पोहोचलात तर एक गुण मिळतो. फक्त एक! खेळ वास्तवाला धरून असावेत असा आग्रह धरणाऱ्यांची ही थट्टा होती, आणि तो खेळ त्या वेळी बाजारात आलाही नाही.

परंतु पुढे काय घडले ते पाहा. २००७ साली कॅनडातील काही विनोदी कलावंत तरुणांनी हाच कंटाळवाणा खेळ निधी उभारण्यासाठी खेळायला घेतला. जसजसे लोक पैसे देतील तसतशी बस पुढे न्यायची. एक जण बस चालवी आणि बाकीचे भोवती गाणी, गप्पा, नकला करीत जागत. पहिल्याच वर्षी बावीस हजारांहून अधिक डॉलर जमले, आणि ते रुग्णालयांतील मुलांना खेळणी व खेळ पुरवणाऱ्या संस्थेला देण्यात आले. तेव्हापासून दरवर्षी हा उपक्रम होत आला आहे. जगातील सर्वांत नीरस खेळ चार माणसांनी मिळून आणि एका हेतूसाठी खेळला, तेव्हा तो नीरस राहिला नाही. बस तीच, वाळवंट तेच. बदलली ती बसमधली सोबत.

आता माझ्या भाच्याकडे वळू. त्याने प्रथम एक अतिशय बलवान मोटार निवडली होती. तिसऱ्या तासालाच बाकीच्या पाचही मोटारी कित्येक फेऱ्या मागे पडल्या, आणि मग उरलेला वेळ एकट्यानेच फिरत राहण्याची शिक्षा झाली. माझ्या मते त्याच्या कंटाळ्याचे खरे मूळ येथे होते. शर्यत लांब आहे म्हणून माणूस कंटाळत नाही. जिंकणे आधीच ठरून गेले की कंटाळतो. मी त्याला तसे बोलून दाखवले. एक रात्र विचार करून त्याने ती शर्यत सोडली आणि बेताच्या ताकदीची मोटार घेऊन पुन्हा आरंभ केला. आता पुढची मोटार कधी दहा सेकंद पुढे, तर कधी पाच सेकंद मागे असे. जांभया थांबल्या!

त्यानंतर त्याने एक चौकोनी वही केली. टायर किती फेऱ्यांत झिजतात, पेट्रोल केव्हा संपत येते, पिटमध्ये थांबल्याने किती वेळ जातो, हे तो तीत टिपू लागला. त्यामुळे ३६० फेऱ्यांचा डोंगर त्याच्या दृष्टीने उरला नाही. एका पिटपासून दुसऱ्या पिटपर्यंतच्या बारा-तेरा फेऱ्या, एवढाच पल्ला. प्रत्येक पल्ल्यात तो एकच वळण सुधारण्यासाठी निवडी. ब्रेक कोठे लावायचा, वळणात कोठून शिरायचे, बाहेर पडताना वेग केव्हा द्यायचा, हे ठरवून तो फेरीची वेळ लिही. सर्वांत वेगवान फेरी मारण्यापेक्षा सलग दहा फेऱ्या अर्ध्या सेकंदाच्या फरकात मारणे कठीण असते, हे त्याला स्वतःच्या वहीवरून कळले. संगीताचा विद्यार्थी एकच पलटा शंभरदा घोटतो तेव्हा त्याला शंभर पलटे ऐकू येत नाहीत. दर खेपेला एक सूर किंचित अधिक साफ झालेला ऐकू येतो. हे तसेच आहे.

रेडिओ लावावा काय, गाणी ऐकावीत काय, असेही पुष्कळ खेळाडू विचारतात. माझे मत असे की सोबतीला गाणे असण्यास हरकत नाही. १९८६ च्या 'आउट रन' या खेळात तर निघण्यापूर्वी खेळाडूने मोटारीतील रेडिओवरचे संगीत निवडायचे असते. परंतु टायर घसरू लागले की ते आधी कानाला कळते, डोळ्याला नंतर. जे गाणे हा आवाज बुडवून टाकते ते सोबत करीत नाही, चोरी करते. लांब सरळ रस्त्यावर गाणे आणि वळणांवर कान मोकळे, एवढे तारतम्य ठेवले म्हणजे पुरे.

सर्वांत मोठा उपाय मात्र सोबतीचाच. १९५२ साली पिएर लेव्हे नावाच्या फ्रेंच चालकाने ल मान्सची खरी शर्यत एकट्याने पुरी करण्याचा हट्ट धरला. सोबतीचा चालक तयार असूनही त्याने गाडी त्याच्या हाती दिली नाही. रात्रभर, सकाळभर तो एकटाच चालवीत राहिला, आणि कित्येक फेऱ्यांनी आघाडीवर होता. शर्यत संपायला जेमतेम तास-सव्वातास उरला असता त्याच्या गाडीचे इंजिन निकामी झाले. थकलेल्या हाताकडून गिअर चुकला असावा, असे सांगतात. मर्सिडिझच्या गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. आज तेथे कोणाही एका चालकाला २४ तासांत एकूण १४ तासांहून अधिक गाडी चालवू देत नाहीत. यात शौर्याचा अपमान नाही. मानवी शरीराची मर्यादा ओळखणे आहे.

आम्हा गोवेकरांना ही गोष्ट नव्याने शिकायला नको. वास्कोच्या दामोदर मंदिरातील भजनी सप्ताह नावाने सप्ताह असला, तरी तेथील भजन २४ तास अखंड चालते. ते अखंड राहते ते एखाद्या गवयाच्या दांडग्या छातीमुळे नव्हे. एक मेळ उठला की दुसरा बसतो म्हणून. टाळ एका हातातून दुसऱ्या हातात जातो, नाद तुटत नाही.

मी हे सांगितल्यावर भाच्याने शेजारच्या दोन मुलांना बोलावले. पाळ्या लागल्या. एक चालवी, एक वही लिही, एक गप्पा मारी. रात्री दहानंतर यंत्र थांबवून सर्वांनी झोपायचे, ही माझी अट होती, आणि ती पाळली गेली. तीन दिवसांत १३१ फेऱ्या झाल्या. चौथ्या दिवशी सकाळी जोराचा पाऊस आला, वीज गेली आणि पडदा काळा झाला. नऊ तासांची शर्यत एका क्षणात नाहीशी झाली.

मुलगा रडला नाही. पण दिवसभर कोणाशी बोललाही नाही. मला वाईट वाटले, आणि थोडी लाजही वाटली. 'वेळ फुकट घालवतोस' हे माझेच शब्द आता खरे झाले, असे तो मनात म्हणत असेल काय? संध्याकाळी त्याने वही उघडली. पहिल्या दहा फेऱ्यांच्या वेळांत चार-चार सेकंदांचे अंतर होते; शेवटच्या दहांत अर्ध्या सेकंदाचे. ते पान त्याने मला दाखवले आणि म्हणाला, "हे कांय गेलें ना." हे काही गेले नाही! त्याच्या मावशीला यापेक्षा निराळे उत्तर सुचले नसते.

माझ्या काही सहकारी शिक्षकांना हे खेळ म्हणजे केवळ कालापव्यय वाटतो. रात्रीचा दिवस करून, जेवणखाण सोडून खेळणाऱ्या मुलांविषयी त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि त्यात मी रतिभरही सूट देणार नाही. परंतु आमची खरी अडचण निराळी आहे. मुलांना चार मिनिटांच्या पलीकडे कशातच मन रमवता येत नाही, ही ती अडचण. लांब धडा आला की ती पाने मोजतात. अशा वेळी एखादा मुलगा तेच वळण शंभर वेळा घेतो आणि शंभराव्या वेळी ते अधिक चांगले घेतो, तेव्हा त्याच्या हातातील वस्तू खेळणे आहे की पुस्तक, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. लांब पल्ल्याला लागणारे मन तेथे घडत असते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, लांब शर्यतीत कंटाळा आला तर करमणूक बाहेरून आणण्याआधी शर्यतीतच ती शोधा. तुल्यबळ प्रतिस्पर्धी निवडा, पल्ला लहान तुकड्यांत वाटून घ्या, वही ठेवा, मित्रांना पाळी द्या आणि वेळेवर झोपा. आणि एवढे करूनही मन रमले नाही, तर यंत्र बंद करून खुशाल अंगणात जा. खेळ हा खेळ आहे. तो पुरा केलाच पाहिजे असे कोणावर बंधन नाही. येत्या चतुर्थीला माझा भाचा पुन्हा येणार आहे. वही त्याने जपून ठेवली आहे. या खेपेस वीज जपावी, एवढेच वरुणराजाकडे आमचे मागणे.