मागे चालू ठेवायला बरं?

"बरं आहे हो, मागे चालू ठेवायला."

संगीताच्या एखाद्या तबकडीबद्दल याहून अपमानकारक वाक्य मी तरी ऐकलेलं नाही. आणि गंमत अशी की बोलणाऱ्याला वाटतं, आपण कौतुकच केलं! गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की आज इथे भांडायलाच बसले आहे. ज्यांना सकाळी सकाळी भांडण नको असेल त्यांनी आधी चहा घ्यावा आणि मग यावं.

तर भांडण आहे 'मदर अर्थ्स प्लँटेशिया' नावाच्या अल्बमवरून. साल १९७६, गाव लॉस एंजेलिस, संगीतकार मॉर्ट गार्सन. सगळी करामत मोग सिंथेसायझर या विजेवर चालणाऱ्या वाद्याची. (उच्चार 'मोग'. नातवाने पहिल्याच दिवशी दटावलं, "आजी, मूग नव्हे!") दहा रचना, सगळ्या मिळून जेमतेम अर्धा तास. शब्द नाहीत. आणि हे संगीत कुणासाठी? तर कुंडीतल्या झाडांसाठी, आणि झाडांवर माया करणाऱ्या माणसांसाठी. वेष्टनावरच तसं छापलेलं आहे. मेलरोझ अव्हेन्यूवर 'मदर अर्थ' नावाचं झाडांचं दुकान होतं, तिथे झाड घेतलं की ही तबकडी सोबत मिळायची. नाहीतर 'सिअर्स'मध्ये 'सिमन्स'ची गादी घेतली की मिळायची. हो, गादी! आपल्याकडे चहाच्या पुड्याबरोबर चमचा मिळायचा, तसंच. मधली चाळीसेक वर्षं ती जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांच्या कपाटात राहिली, मग यूट्यूबवरून नव्या पोरांच्या कानावर पडली, आणि २०१९ साली 'सेक्रेड बोन्स' या कंपनीने ती रीतसर पुन्हा काढली.

नातवाने माझ्या मोबाइलवर ती घालून दिली आणि मी ज्याला त्याला ऐकवत सुटले. भिशीतल्या बायका, सोसायटीत बाग सांभाळणारा आमचा गट, शाळेतले जुने सहकारी, सुनेच्या ऑफिसातल्या मैत्रिणी. कुणी सोडलं नाही. मतं भरपूर मिळाली. ऐकणारा मात्र एखाददुसराच मिळाला.

आमचे एक सहकारी, आयुष्यभर संगीत सभा चुकवल्या नाहीत असे. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "बाई, हा पोरखेळ आहे. आइसक्रीमच्या गाडीवर वाजतं तसलं काहीतरी." मला राग 'पोरखेळ' या शब्दाचा आला नाही. ही तबकडी खेळकर आहेच. राग आला तो खेळ म्हणजे कष्ट नाहीत, हे गृहीत धरण्याचा.

त्या काळचं मोग म्हणजे आजच्यासारखा कीबोर्ड नव्हे, की बटण दाबलं आणि सनई वाजली, दुसरं दाबलं आणि सतार. कपाटाएवढं धूड, त्यावर शेकडो खुंट्या आणि टेलिफोन एक्स्चेंजसारख्या वायरी. प्रत्येक आवाज वायरी जोडून, खुंट्या पिळून आधी घडवायचा. आणि मुख्य म्हणजे ते एका वेळी एकच सूर काढी. दोन सूर एकत्र हवे असतील तर एक ओळ टेपवर घ्यायची, टेप मागे न्यायची, दुसरी ओळ तिच्यासोबत वाजवायची. मग तिसरी. मग चौथी. त्यातही यंत्र तापलं की सूर सरकणार, म्हणजे पुन्हा जुळवणं आलं. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी याच पद्धतीने बाखच्या रचना मोगवर बसवल्या, तेव्हा जगाला पहिल्यांदा कळलं की हे यंत्र नुसतं कुंई-कुंई करत नाही, गातं. प्लँटेशियात जी आरामात पाय पसरून बसलेली चाल ऐकू येते, ती अशी ओळीवर ओळ रचून उभी केलेली आहे. वर सहजपणा दिसतो, कारण खालचे टाके नीट घातले आहेत. शिवणकाम केलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि हा गार्सन काही हौशी माणूस नव्हे. ज्युलियार्डमध्ये शिकलेला. १९६३ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या 'अवर डे विल कम' या गाण्याचं संगीत त्याचं. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा सीबीएस वाहिनीच्या प्रक्षेपणासाठी त्यानेच मोगवर संगीत दिलं. १९७१ साली 'लूसिफर' या टोपणनावाने त्याने 'ब्लॅक मास' नावाची तबकडी काढली. ती ऐकून मी रात्री पॅसेजमधला दिवा चालू ठेवला होता. म्हणजे भय निर्माण करणं त्याला येत होतं. भारदस्तपणाही येत होता. पन्नाशी ओलांडल्यावर तो ठरवून कुंडीतल्या झाडांकडे वळला. 'दुसरं काही जमत नाही म्हणून हलकंफुलकं' असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी ही यादी खोडून दाखवावी.

हे 'हलकंफुलकं' आपल्याकडे शिवी कधी झालं, कोण जाणे. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. माझ्या वर्गात पोरं हसायची. मुद्दाम हसवायचे मी, कारण हसताना शिकलेलं वृत्त पोरगं विसरत नाही. एकदा तपासणीला आलेले साहेब दारात उभे राहून दहा मिनिटं बघत राहिले आणि शेरेबुकात लिहून गेले: 'वर्गात हशा होता. अध्यापनात गांभीर्य हवे.' पोरांना काय येतं, हे त्यांनी एकाही पोराला विचारलं नाही. त्या वर्गातल्या एकूण एक मुलांना भुजंगप्रयात पाडता येत होतं. असो. तो शेरा अजून माझ्या मनात आहे आणि आमचे सहकारी 'पोरखेळ' म्हणाले तेव्हा तोच मला पुन्हा वाचल्यासारखा झाला. 'नाच रे मोरा'ला चाल लावताना पु. ल. देशपांड्यांनी हात आखडता घेतला होता असं कुणी म्हणेल का? १९५३ सालच्या 'देवबाप्पा'मधलं ते गाणं आजही बालवाडीत वाजतं. ते सोपं वाटतं, हेच तर त्याचं यश.

आता दुसरा पक्ष. हा अधिक धोकादायक, कारण तो स्तुती करतो. सुनेच्या मैत्रिणींचा. "काकू, किती चिल आहे! मी रोज झोपताना लावते." एक म्हणाली, "ई-मेलं लिहिताना मस्त." एकीने तर योगासनांना लावलं. मी त्यांना विचारलं, यातली कुठली रचना आवडली? कुणालाच सांगता येईना. दहा रचना आहेत हेच माहीत नव्हतं! म्हणजे जिच्यापायी माणसाने टेप मागे-पुढे करत हाताची बोटं झिजवली, ती चीज यांच्यासाठी गुळगुळीत एकसंध धूर. उदबत्तीसारखी लावली आणि विसरली.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं: "पण त्यानेच ती झाडांसाठी केली ना? झाडं कुठे कान देऊन ऐकतात? म्हणजे मागे चालू ठेवायलाच केली." हा युक्तिवाद वरवर बरोबर वाटतो. मग जरा रचनांची नावं वाचा. एकीचं नाव 'सिम्फनी', एकीचं 'कॉन्चेर्तो', एकीचं 'ऱ्हॅप्सडी', एकीचं 'ओड'. सगळी मैफलीतली, कोट-टाय घातलेली नावं! आणि ती दिली आहेत कुणाला? सिम्फनी स्पायडर प्लँटला. कॉन्चेर्तो फिलोडेंड्रॉन आणि पोथॉसला. पोथॉस म्हणजे आपला मनीप्लँट बरं का, जो आपण तेलाच्या रिकाम्या बाटलीत खोचून खिडकीत ठेवतो. कॉन्चेर्तोत एरवी मोठा पियानोवादक किंवा व्हायोलिनवादक वाद्यवृंदासमोर बसतो; इथे ती खुर्ची मनीप्लँटला दिली आहे. गर्श्विनची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' (१९२४) प्रसिद्ध, म्हणून इथे 'ऱ्हॅप्सडी इन ग्रीन'. बिगोनियावरच्या रचनेचं नावच असं की बिगोनियाला काही फिरायला न्यावं लागत नाही. कुत्रा पाळणाऱ्यांना मारलेला टोमणा. शेवटची रचना तर रानटी स्नेक प्लँटला शांत करण्यासाठी आहे!

हे विनोद झाडासाठी आहेत का हो? हे अशा माणसासाठी आहेत, ज्याला सिम्फनी म्हणजे काय हे माहीत आहे आणि सिम्फनीच्या तोऱ्याचं हसूही येतं. आणि विनोद नावापुरताच नाही. सूर ऐका. भारदस्त चाल येणार असं वाटावं आणि त्यातून शीळ घालत कुणीतरी गल्लीतून निघून जावं, असं होतं. ते अर्ध्या झोपेत कसं कळणार? डुलकी घेणाऱ्याला विनोद सांगू नये, हे शाळेत शेवटच्या तासाला शिकवलेल्या कुणालाही विचारा.

तिसरा पक्ष आमच्या बागेच्या गटातला. यांचं म्हणणं, झाडांना खरंच कळतं. अल्बम लावल्यापासून एकीच्या मनीप्लँटची पानं तळहाताएवढी झाली. (त्याच आठवड्यात तिने शेणखत घातलं होतं. ते मी घातलं होतं म्हणून मला माहीत!) पुरावा विचारला की लगेच जगदीशचंद्र बोसांचं नाव पुढे येतं. इथे मात्र मास्तरीण जागी होते. बोसांनी स्वतः नाजूक यंत्रं बनवली, झाडाची वाढ आणि प्रतिक्रिया मोजली. त्यांचं नाव घ्यायचं तर पट्टी घेऊन मोजा, दोन कुंड्या सारख्या ठेवा, एकीला ऐकवा, एकीला नको. नुसतं नाव घेऊन चालणार नाही.

त्या काळी अमेरिकेत या विषयाची लाटच होती. १९६६ साली क्लीव्ह बॅक्स्टर या खोटं पकडण्याच्या यंत्राच्या तज्ज्ञाने झाडाला ते यंत्र जोडलं आणि झाडाला मनातलं कळतं असा दावा केला. १९७३ साली टॉम्पकिन्स आणि बर्ड यांचं 'द सीक्रेट लाइफ ऑफ प्लँट्स' आलं आणि प्रचंड खपलं. बोसांवर त्यातही लिहिलेलं आहे. १९७५ साली 'सायन्स' या नियतकालिकात काळजीपूर्वक केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांत बॅक्स्टरचा दावा टिकला नाही. म्हणजे प्लँटेशिया निघाली तेव्हा हवा गरम होती आणि गार्सनने त्या हवेत पतंग उडवला. पतंग सुरेख होता. त्यासाठी हवामानखात्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

झाडांना काहीच ऐकू येत नाही असंही मी म्हणत नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी दाखवलं की अळी पान कुरतडते तेव्हाची कंपनं झाडाला ऐकवली, तर नंतर खरी अळी आल्यावर ते झाड अधिक विषारी रस तयार ठेवतं. वारा किंवा दुसऱ्या किड्याच्या आवाजाने तसं होत नाही. म्हणजे झाडाच्या दृष्टीने महत्त्वाचं संगीत कुठलं, तर अळीचं जेवण! तेव्हा मनीप्लँटला उगाच रसिक ठरवू नका. ती जबाबदारी तुमची आहे, ती कुंडीवर ढकलून तुम्ही खुशाल फोनवर बोलायला मोकळे.

परवा ते जुने सहकारी पुन्हा आले होते. या खेपेला म्हणाले, "बाई, कष्ट असतील, विनोदही असेल. पण यंत्राचा सूर तो. एका सुरावरून दुसऱ्यावर टुणकन उडी. गळ्याची मींड यात कुठून येणार?"

मला हेच हवं होतं. हार्मोनियमवर हा आक्षेप आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घेतला जातो आणि तो खराच आहे, कारण हार्मोनियमची पट्टी दाबली की सूर जागच्या जागी उभा राहतो. पण मोगची गोष्ट उलटी आहे. त्यात एका सुरावरून दुसऱ्यापर्यंत घसरत, मधल्या साऱ्या श्रुतींना स्पर्श करत जायची सोय आहे. किती सावकाश जायचं तेही खुंटीने ठरवता येतं. आणि एका वेळी एकच सूर ही जी त्या यंत्राची मर्यादा मी वर सांगितली, ती गळ्याचीही मर्यादा नाही का? म्हणून तर ते गाऊ शकतं. गार्सनने ती खुंटी कुठे-कुठे वापरली आहे, ते मी त्यांना पहिल्या रचनेपासून दाखवलं. शिळेसारखा तो वरचा सूर पुढच्या सुरावर कसा ओघळतो, तिकडे लक्ष द्या म्हटलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि रचना संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा लावा. आणि तो पंखा बंद करा."